पत्करलेली भूक

भूक हा मनुष्याचा सर्वांत जुना व सर्वांत सार्वत्रिक अनुभव होय. असे असूनही तिचा विचार आपल्याकडे मुख्यतः दोनच ठिकाणी झालेला दिसतो : एक धर्मशास्त्रात, उपवासाच्या प्रकरणी, आणि दुसरा अर्थशास्त्रात, दुष्काळाच्या प्रकरणी. परंतु ज्याच्या घरी धान्य भरलेले आहे, ज्याने कोणतेही व्रत घेतलेले नाही, आणि जो केवळ अंगावरील मेद उतरावा एवढ्याकरिता भुकेला राहू पाहतो, त्याच्या भुकेस कोणत्या प्रकरणी घालावे? ती तपश्चर्या नव्हे. ती आपत्तीही नव्हे. तिला चैन म्हणावे, तर सोसणाऱ्याचा चेहरा तसे सांगत नाही. वैद्यांनी तिच्याविषयी पुष्कळ लिहिले आहे. परंतु ती सोसावी कशी, सोसताना मनात काय असावे, आणि ती सोसल्यामुळे इतरांच्या भुकेविषयी बोलण्याचा अधिकार प्राप्त होतो की एखादे कर्तव्य पदरी पडते, हे प्रश्न वैद्यकाचे नसून नीतीचे आहेत. त्यांचाच येथे थोडा विचार करावयाचा आहे.

धाराशिव जिल्ह्यात राहणाऱ्यास तर हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. बालाघाटच्या डोंगरांचा हा पर्जन्यछायेतील मुलूख. पाऊस येथे पाहुण्यासारखा येतो आणि पुष्कळदा निरोप न घेताच जातो. १९७२ सालचा दुष्काळ पाहिलेली माणसे येथे अजून घराघरांत आहेत. दुष्काळी कामांवर खडी फोडणे, पाझर तलावांची माती वाहणे, परदेशातून आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, आणि कामावर पोरांच्या हातावर पडणारी सुकडी, या त्या पिढीच्या आठवणी होत. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अशा कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे राबत होती. मराठवाड्यातील कित्येक रस्ते त्या हातांनी झाले. आज त्याच मुलुखातील गावांच्या रस्त्यांवर पहाटे मध्यमवर्गीय मंडळी झपझप चालताना दिसतात. ही मंडळी अन्नाच्या शोधात निघालेली नसून खाल्लेले अन्न जिरविण्याकरिता निघालेली असतात. अवघ्या पन्नास वर्षांत एवढा पालट झाला, हे आनंदाचेच आहे. परंतु दोन्ही दृश्ये एकाच डोळ्यांनी पाहिलेल्या मनुष्यास त्यांची सांगड घालावी लागते.

या प्रातःफेऱ्यांच्या मागे मराठवाड्यातच वाढलेली एक चळवळ आहे. लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी, कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांचा आधार घेऊन, दिवसातून दोनच वेळा, खरी भूक लागेल तेव्हा आणि प्रत्येक वेळी पंचावन्न मिनिटांच्या आत जेवण आटोपावे, असा नियम लोकांपुढे मांडला. त्याला रोजच्या चालण्याची जोड दिली. व्याख्यानांतून व भ्रमणध्वनीवरील समूहांतून हा नियम खेडोपाडी गेला. दुसरीकडे दर दोन तासांनी थोडे थोडे खावे असे सांगणारा पक्षही आहे. या वादात पडण्याचे येथे कारण नाही. एकूण अन्न सारखेच ठेवले असता केवळ वेळेच्या बंधनाने वजनात फारसा अधिक फरक पडत नाही, असे अलीकडच्या काही तुलनात्मक प्रयोगांत दिसून आले आहे, एवढे नमूद करणे पुरे. मात्र डॉ. दीक्षितांच्या मोहिमेच्या नावातच असलेला ‘विनासायास’ हा शब्द वाचून ज्यांनी आरंभ केला, त्यांना पहिल्या आठवड्यात जे भोगावे लागले त्यास सायास हाच शब्द योग्य वाटला असेल.

येथे एक आक्षेप येणार हे उघड आहे. ज्या देशात लोक अर्धपोटी निजतात, त्या देशात पोट भरलेल्यांच्या भुकेवर चर्चा करणे हे चोचले नव्हेत काय? आक्षेप जोरदार आहे, पण पुरता खरा नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत पंधरा ते एकोणपन्नास वर्षांच्या भारतीय स्त्रियांपैकी शेकडा सुमारे २४ अतिरिक्त वजनाच्या आढळल्या आणि शेकडा सुमारे १९ उचित वजनाहून कमी भरल्या. पाच वर्षांखालील मुलांत शेकडा ३५ हून अधिक मुले वयाच्या मानाने खुजी होती. म्हणजे अति आणि अभाव ही आता एकाच देशाची, कित्येकदा एकाच गल्लीची, कधी कधी एकाच घराची दुखणी आहेत. मधुमेह हा श्रीमंतांचा रोग राहिलेला नाही. कर्त्या माणसाचे पाय किंवा डोळे त्याने गेले, तर ते दुःख चोचल्यांचे नव्हे. तेव्हा वजन उतरविणे हे कित्येकांचे कर्तव्यच ठरते. प्रश्न उरतो तो ते कोणत्या वृत्तीने करावयाचे हा.

या भुकेचे स्वरूप प्रथम नीट पाहू. १९९९ साली कोजिमा व कांगावा या जपानी शास्त्रज्ञांना जठरातून स्रवणाऱ्या ‘घ्रेलिन’ नावाच्या द्रव्याचा शोध लागला. जेवणाच्या नेहमीच्या वेळेपूर्वी ते रक्तात वाढते आणि जेवणानंतर उतरते. विशेष हे की, त्या वेळी जेवण दिले नाही तरीही काही वेळाने ते बरेचसे आपोआपच ओसरते. त्याआधी, १९९४ साली, अमेरिकेत फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत ‘लेप्टिन’चा शोध लागला होता. हे मेदपेशींतून स्रवते आणि साठा किती आहे याची वर्दी मेंदूस देते. साठा घटू लागला की वर्दी मंदावते, आणि मेंदू अन्न शोधण्याची आज्ञा सोडतो. या दोन गोष्टींतून जो निष्कर्ष निघतो तो माझ्या मते या विषयाचा गाभा आहे. शरीरास दुष्काळ आणि पथ्य यांतील फरक कळत नाही. ज्वारीचे पोते कोपऱ्यात आहे की नाही हे जठरास ठाऊक नसते. आपण स्वखुशीने अर्धी भाकरी सोडली, तरी शरीर हाकाटी करते ती पाऊस फसल्याचीच.

मग फरक कोठे आहे? शरीरात नसेल, तर तो भुकेच्या परिस्थितीत असला पाहिजे. विचार करता तीन गोष्टी दिसतात. पत्करलेल्या भुकेस अंत ठरलेला असतो : सायंकाळी सातास ताट मांडले जाणार हे निश्चित असते. दुसरे, ती मोडण्याचे स्वातंत्र्य असते : फडताळ उघडले की ती संपते. तिसरे, तिला हेतू असतो. दुष्काळातील माणसाजवळ यांपैकी एकही गोष्ट नव्हती. पुढचा घास कधी हे ठाऊक नाही, भूक मोडणे हाती नाही, आणि त्या सोसण्याने साधायचे काहीच नाही. यावरून दोन अनुमाने निघतात. एक नम्र करणारे आहे : दोन आठवडे पथ्य केलेल्या माणसाने आपल्याला भूक म्हणजे काय ते कळले असे म्हणू नये. त्याला भुकेचा आवाज कळला, तिची सत्ता नव्हे. दुसरे अनुमान उपयोगाचे आहे : ज्या तीन गोष्टींमुळे ही भूक सुसह्य आहे, त्या तिन्ही जपल्या तर ती सोसता येते, आणि त्यांतील एक जरी सुटली तरी पथ्याची यातना होते.

पहिली गोष्ट निश्चिती. पथ्याच्या आरंभी पुष्कळजण ‘शक्य तितके कमी खावयाचे’ असा नियम करतात. हा नियमच नव्हे. त्यात अंत नाही, म्हणून धीरही नाही. याउलट जेवणाची वेळ पक्की ठरविली की भुकेस सांगता येते, ‘तुझी वेळ ठरलेली आहे, तोवर थांब.’ जुन्या वेळेला जुनी भूक काही दिवस दार ठोठावतेच. दहाला न्याहारीची सवय असलेल्यास दहाला पोटात कालवाकालव होणारच. परंतु भूक ही लाट आहे, चढणारा पूर नव्हे, हे ज्याने एकदा अनुभवले त्याची निम्मी भीती जाते. पहिले दिवस कठीण जातात. मग शरीर नवे वेळापत्रक शिकते. मधल्या काळात बिनसाखरेचे ताक, पाणी, पुरेशी झोप आणि हातातले काम यांचा आधार घ्यावा. झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, हे शरीरशास्त्राने दाखविले आहे. आणि जेवण हे जेवण असावे. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे, हे या मुलुखाचे कोरडवाहू अन्न पोटात रेंगाळते. मैदा व साखर तसे करीत नाहीत. ती पोट भरल्याचा भास करून लवकरच पुन्हा मागणी घेऊन येतात. मधुमेहाचे औषध घेणाऱ्यांनी, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी आणि वाढत्या वयाच्या मुलांनी मात्र वैद्यास विचारल्यावाचून उपाशी राहू नये.

आपल्या परंपरेतील उपवासाचा येथे उपयोग होईल असे पुष्कळांना वाटते. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर अनवाणी चालणाऱ्यांत नऊ दिवस खरोखर अल्पाहारी असणारे भाविक आहेतच. पण घरोघरच्या उपवासाचे आज काय झाले आहे, हे ‘एकादशी दुप्पट खाशी’ या आपल्या म्हणीनेच सांगून ठेवले आहे. तुपातली साबुदाण्याची खिचडी, तळलेले बटाटे आणि खजूर यांनी वजन उतरत नाही. तेथे पदार्थ बदलला, भूक टाळली गेली. उपवासाने खरे शिकविले असते ते एवढेच की, इच्छा झाली म्हणजे ती लगेच पुरवावीच लागते असे नाही. नेमका तोच धडा आपण गाळला.

दुसरी गोष्ट स्वातंत्र्य. येथे अमेरिकेतील एका प्रसिद्ध प्रयोगाचे स्मरण करणे बोधप्रद होईल. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीझ यांनी छत्तीस निरोगी तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरण्यास सद्सद्विवेकबुद्धीने नकार दिलेले होते. युरोपातील उपाशी जनतेस पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे म्हणून त्यांनी आपण होऊन भूक पत्करली होती. चोवीस आठवडे त्यांना दिवसाला सुमारे १,५७० कॅलरींचे अन्न मिळे आणि आठवड्यास बावीस मैल चालावे लागे. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. परंतु ध्यानात ठेवण्यासारखे आहे ते त्यांच्या मनाचे झाले ते. अन्नावाचून दुसरा विषय त्यांना सुचेना. ते पाकशास्त्राची पुस्तके वाचू लागले, ताटे चाटू लागले, चिडचिडे व एकलकोंडे झाले. हे दुर्बल मनाचे लोक नव्हते. सबंध समाजाचा रोष पत्करून तत्त्वास चिकटून राहिलेले होते. हेतू उदात्त, निवड स्वतःची, आणि तरीही दीर्घ भुकेने त्यांचे मन आकसले.

यातून पथ्य करणाऱ्याने घ्यावयाचा धडा हा की, आत्मशासनाची रग मर्यादेत ठेवावी. किलोभर मेद म्हणजे सुमारे साडेसात हजार कॅलरी. रोज पाचशेची बचत केली तरी तो उतरावयास पंधरवडा लागतो. ज्याला हे महिन्यात संपवावयाचे असते तो स्वतःवर दुष्काळ लादतो, आणि लादलेली गोष्ट मनुष्य संधी मिळताच झुगारतो. एखाद्या लग्नाच्या पंगतीत दोन बुंदीचे लाडू खाल्ले गेले, तर ते पाप नव्हे. दुसऱ्या दिवशी नियम पुन्हा सुरू होतो. ॲरिस्टॉटलने संयमी आणि समशील यांत भेद केला आहे. संयमी मनुष्यास वासना ओढते आणि तो तिला आवरतो. समशील मनुष्यास अयोग्य गोष्टीची ओढच उरलेली नसते. नवशिका हा फार तर संयमी असू शकतो. आपल्याला भूक लागते, जिलबी दिसली की जीव जातो, म्हणून आपण नालायक, असे त्याने मानू नये. समशीलता ही सवयीचे फळ आहे आणि सवयीस वेळ लागतो. हल्ली भूक मंदावणाऱ्या औषधांच्या सुयाही निघाल्या आहेत. वैद्याच्या सल्ल्याने त्या घेणारा मनुष्य भूक सोसणाऱ्याहून नीतीने कमी ठरत नाही. विनाकारण सोसण्यात पुण्य नाही. तसेच लठ्ठ माणसास पाहून ‘याला जिभेवर ताबा नाही’ असे म्हणण्याचा अधिकारही कोणास नाही. शरीराची हाकाटी सर्वांच्या कानी सारख्याच जोराने पडत नाही.

तिसरी गोष्ट हेतू; आणि येथेच आपल्या जिल्ह्याने एक मोठा मापदंड ठेवला आहे. भूम तालुक्यातील कुंथलगिरी हे कुलभूषण व देशभूषण या मुनींच्या निर्वाणाचे दिगंबर जैन सिद्धक्षेत्र. याच ठिकाणी आचार्य शांतिसागर महाराजांनी, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, दृष्टी अधू झाली असता, १९५५ साली सल्लेखना स्वीकारली, आणि सुमारे पाच आठवड्यांनंतर, १८ सप्टेंबर रोजी, देह ठेवला. त्या व्रताविषयी कोणाचे मत काहीही असो; त्यामागील एक कल्पना विचारात घेण्यासारखी आहे. जैन शास्त्राप्रमाणे सल्लेखनेत कृश करावयाचे ते केवळ काया नव्हे, तर कषायही. म्हणजे क्रोध, मान, माया व लोभ. काया झिजली आणि मान वाढला, तर सर्व व्यर्थ. आमच्या पथ्याची त्या व्रताशी बरोबरी करणे हास्यास्पद होईल, आणि पथ्यास ‘तपश्चर्या’ म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये. परंतु तो मापदंड मात्र आम्हासही लागू पडतो. सहा किलो उतरल्यावर जो भेटेल त्यास आपला आकडा सांगणारा, दुसऱ्याच्या ताटाकडे तुच्छतेने पाहणारा मनुष्य, कायेने हलका आणि कषायाने जड झालेला असतो. मौज अशी की, हेच कुंथलगिरी आपल्या खव्याकरिता व पेढ्यांकरिताही प्रसिद्ध आहे. त्यात विसंगती मानण्याचे कारण नाही. पेढा वाईट असता, तर तो सोडण्यात त्याग तो कसला?

शेजारच्या पंढरपुरास मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले. ती भूक स्वतःकरिता नव्हतीच. तिच्या शेजारी आपली भूक ठेवली की तिचे माप कळते. स्वतःच्या प्रकृतीकरिता भुकेले राहणे हे क्षुद्र नव्हे. ज्याच्यावर घर अवलंबून आहे त्याची प्रकृती ही घराचीही ठेव असते. पण ते थोर आहे असेही नाही. तो केवळ शहाणपणा आहे, आणि शहाणपणाने मिरवणूक मागू नये.

आता एक गोष्ट घरातली. गृहस्थांनी पथ्य धरले की पुष्कळ घरांत त्याचा भार गृहिणीवर पडतो : मुलांचा स्वयंपाक वेगळा, सासूबाईंचा वेगळा, आणि यांची भाजलेली भाकरी व उकडलेली भाजी बरोबर सातच्या ठोक्यास. संयम पतीचा, श्रम पत्नीचे. ती स्वतः सर्वांमागून, उरलेसुरले, कित्येकदा उभ्याउभ्याच खाते. तिची भूक दुष्काळाची नाही आणि पत्करलेलीही नाही; ती रीतीची आहे, आणि रीतीच्या भुकेस कोणी नाव देत नाही. ज्याने पथ्याचे व्रत घेतले त्याने आपली भाकरी आपण थापावयास शिकावे, निदान घरातील सर्वांनी एकत्र जेवावे, हा या विषयातील पहिला नैतिक नियम मी मानतो. दुसरा यजमानांकरिता आहे. आग्रह हे आपल्याकडील आतिथ्याचे भूषण. पण पाहुण्याच्या ‘नको’ या शब्दास अर्थ असतो हे मानणे हेही आतिथ्यच होय.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड आहे. माझ्या वाचलेल्या अर्ध्या भाकरीचे काय होते? प्रामाणिक उत्तर असे की, काहीच होत नाही. ती ऊसतोडीकरिता गाव सोडून निघालेल्या कुटुंबाच्या कोपीवर आपोआप पोहोचत नाही. मी कमी खाल्ल्याने कोणी अधिक खात नाही, आणि तसे मानून समाधान करून घेणे ही आत्मवंचना आहे. तरीही पत्करलेल्या भुकेने एक ऋण चढते. ज्या गृहस्थास सकाळची न्याहारी चुकल्यामुळे अकराच्या सुमारास एक साधा हिशेब जुळविता आला नाही, ज्याने त्या चिडीत शिपायास विनाकारण टाकून बोलले, त्याला आता एक गोष्ट प्रत्यक्ष कळलेली आहे : रिकामे पोट बुद्धी मंद करते आणि स्वभाव बिघडविते, आणि हे त्याला सायंकाळचे ताट निश्चित असताना झाले. मग शाळेतील मध्यान्ह भोजनाने मुलांस आळशी बनविले, २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली माणशी मिळणारे पाच किलो धान्य म्हणजे फुकटेपणास उत्तेजन, असे जे आपल्या दिवाणखान्यांत सहज बोलले जाते, ते त्याने पुन्हा तितक्याच सहज बोलू नये. भुकेल्याच्या शीलाविषयी मत देण्यापूर्वी आपल्या अकरा वाजताच्या शीलाची आठवण ठेवावी. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना १९७२ च्या त्या दुष्काळातच वाढीस लागली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्याच्या मुळाशी हीच समज होती की, उपाशी माणसास उपदेश नको, काम आणि धान्य हवे.

म्हणून पथ्य करणाऱ्यास माझे सांगणे थोडके आहे. वेळ ठरवावी, घाई करू नये, मोडले तर पुन्हा जुळवावे, आणि कोणास आकडा सांगत सुटू नये. भूक लागली असता तिचा राग करू नये. ती आपल्या पूर्वजांना शेकडो अवर्षणांतून वाचवून येथवर घेऊन आलेली जुनी राखणदारीण आहे. कणगी भरलेली असल्याचे तिला कोणी सांगितलेले नाही, म्हणून ती अजून पहारा देते. तिला शांतपणे बसावयास सांगता येते. पण ती बसली असताना, ज्यांच्या घरी तिचे ओरडणे अजूनही खरे आहे त्यांच्याकडे आपले लक्ष गेले, तर त्या रिकाम्या तासाचा काही उपयोग झाला असे म्हणता येईल.